तंबोऱ्याचा आवाज फुकट वाटू का?

प्रिय माई,

मी वीस वर्षांची आहे, मिरजेत राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरात चार पिढ्या सतारी-तंबोरे बनतात. अब्बा आणि भाईजान जवारी काढतात, मी आणि अम्मी पॉलिश नि नक्षीचं बघतो. (जवारी म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं घासून आवाजाला झंकार आणणं.) गेल्या वर्षी मला आवाज रेकॉर्ड करायचा नाद लागला. कानशीचा, रंध्याचा, भोपळा कापतानाचा, सगळा. मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज कापाजोडायचं सॉफ्टवेअर शिकले, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग शिकले. इंटरनेटवर, कॉम्प्युटरवर फुकट वाजवता येणारी वाद्यं बनवणारी मंडळी भेटली. ते म्हणतात, तुमच्या तंबोऱ्याचे सूर पाठव, जगात कुणालाही वापरता येतील. माझ्या कामाची कुणीतरी वाट बघतंय, असं मला पहिल्यांदाच वाटलं. अब्बांना अर्धवट सांगितलं, तर म्हणाले, "आवाज फुकट वाटलास तर उद्या तंबोरा कोण घेईल?" त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. शिवाय त्या मंडळींना मी मुलगी आहे हे माहीत नाही, सगळे मला 'ब्रो' म्हणतात. फायली तयार आहेत, एक बटण दाबायचं राहिलंय. दाबू का?

— तरफ

प्रिय तरफ,

सही वाचून मी जरा थांबले. सतारीवरच्या तरफेच्या तारा सहसा कुणी छेडत नाही. वरची तार बोलली की त्या आपसूक झंकारतात. चार पिढ्यांच्या कारखान्यातल्या मुलीनं स्वतःसाठी हेच नाव शोधावं, यात मला पत्रातला निम्मा मजकूर सापडला. त्याकडे मी नंतर येते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बटण आज दाबू नकोस. आणि फायली पुसूही नकोस.

आज नको, याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. अशी मंडळी बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सपैकी, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्याच्या तयार परवान्यांपैकी, एखाद्या परवान्याखाली आवाज मागतात. सीसी झीरो म्हणजे सगळे हक्क सोडून देणं. सीसी बाय म्हणजे वापरा, पण श्रेय द्या. बाय-एनसी म्हणजे श्रेय द्या आणि धंद्यासाठी वापरू नका. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे, की दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या तू फाइल काढून टाकलीस, तरी तोवर ज्यानं ती उतरवून घेतली त्याचा हक्क कायम राहतो. तू केलेल्या रेकॉर्डिंगवर कायद्यानं हक्क तुझा आहे, तंबोऱ्याच्या नादावर मालकी कुणाचीच नसते. म्हणजे परवानगी न घेता पाठवलंस तर तुला कुणी कोर्टात खेचणार नाही. पण वडील अबोला धरून बसलेले असताना, कधीच परत न घेता येणारी गोष्ट त्यांच्या पाठीमागे करायची, हे तुला पुढं फार जड जाईल. पत्र लिहिलंस, त्याअर्थी ते तुला आत कुठंतरी कळलेलं आहे.

आता अब्बांची भीती. तिला अडाणीपणा समजू नकोस. १९७९ साली बंगळुरूत जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, पुढं तो खोक्यातून निघून फोनच्या ॲपमध्ये गेला. माझी स्वतःची मुलगी फोनवरचा तंबोरा लावून रियाज करते. मिरजेतला खरा तंबोरा आमच्या घरी कपाटावर गवसणीत आहे, आणि ही गोष्ट मला बोचते. ज्या माणसानं हे बदलताना आयुष्यभर पाहिलं, त्याच्या तोंडून 'उद्या कोण घेईल' हा प्रश्न हिशेबातून आलेला आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणायचा, वाळवायचा, महिनोन् महिने सांभाळायचा, आणि मग गिऱ्हाईक म्हणणार, ॲप आहे की! मला विचारशील तर तुझ्या फायलींमुळे एकही तंबोरा कमी खपणार नाही, कारण फुकट तंबोरे फोनवर आधीपासूनच भरपूर आहेत, आणि खरा घेणारा तो मांडीशी घेऊन बसायला घेतो. पण हे झालं माझं मत. पोट तुमच्या घराचं आहे, तेव्हा हे बोलणं तुमच्या घरात व्हायला हवं.

बोलताना एक करू नकोस. मिरजेत शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली, फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात, म्हणजे आपणही धंदा बदललाच होता, असला युक्तिवाद अब्बांपुढं मांडू नकोस. ते त्यांना तुझ्या-माझ्याहून जास्त ठाऊक आहे. जिंकायला म्हणून काढलेला इतिहास बापाला लागतो.

तुला मात्र एक गोष्ट सांगते, कारण ती तुझ्यासारख्याच कामाची आहे. सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. त्यांना श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वर, मोजायच्या ध्यासानं धरलं होतं. मोजण्यासाठी गळा दिला अब्दुल करीम खाँसाहेबांनी, ज्यांच्या स्मरणार्थ तुमच्या मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी मैफली होतात. १९१० साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि श्रुतींची हार्मोनियम थेट लंडनला बनवून घेतली गेली. त्यांचं गणित सगळ्या गवयांना पटलं नाही, बरेच वाद झाले. मला त्या वादापेक्षा ते दृश्य आवडतं. एक पेन्शनर, एक गवई, एक इंग्रज न्यायाधीश, कुणाचा कुणाशी संबंध नाही, आणि तारेच्या लांबीवरून डोकी एकत्र आली आहेत. तुला इंटरनेटवर भेटलेली मंडळी मला त्याच वाणाची वाटतात. कुणीतरी आपल्या कामाची वाट बघतंय, असं तू लिहिलंस. ते सुख खरं आहे. कुणी त्याला 'मोबाइलचं खूळ' म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

तू फिजिक्सची, म्हणून आणखी एक. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेवर लेख लिहिला. तारेच्या ज्या बिंदूवर एखाद्या स्वरांशाची (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुराची) गाठ येते, म्हणजे त्याच्यासाठी तार स्थिर असते, तिथंच तार छेडली तर तो स्वरांश उमटू नये, असा पाठ्यपुस्तकातला नियम आहे. रामन यांनी दाखवलं की आपल्या वाद्यांत तो उमटतो, कारण तार घोडीच्या गोलसर माथ्याला पुन्हा पुन्हा चाटत असते. म्हणजे जवारी. अब्बा कानशीनं जे करतात, त्याच्यापुढं नियम वाकला! घोडीवर तारेखाली सारलेला सुती धागा काढून एक सूर रेकॉर्ड कर, धागा सारून दुसरा कर, आणि ऑडॅसिटीत दोन्हींचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला स्वरांश किती जोरात याचा आलेख, शेजारी शेजारी लाव. धागा बसला की वरचे स्वरांश कसे उठतात ते तुला डोळ्यांनी दिसेल.

इथंच मला तुझ्या फायलींबद्दल शंका आहे. रेकॉर्डिंग फोनवर केलंय ना? फोनमध्ये गोंगाट दाबणारी सोय असते, आणि ती एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते. पंखा, मोटार, आणि तंबोरा! २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवणारी किती माणसं याच गोष्टीनं हैराण झाली. गुरू षड्ज लावून बसायचे आणि शिष्याला तंबोरा मधूनच गिळल्यासारखा ऐकू यायचा. तुझे सूर नीट कान देऊन पुन्हा ऐक. सुराची शेपटी, म्हणजे विझत जाणारा भाग, मध्येच खाली बसत असेल तर ती जवारीची चूक नाही, फोनची आहे. ही सोय बंद करता येईल असं ॲप घे किंवा कुणाचा तरी रेकॉर्डर मागून आण. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाचं शिखर उणे सहा डेसिबलच्या खाली. तंबोऱ्याच्या चारही तारा, पंचम, दोन्ही जोड, खर्ज, प्रत्येक तार वेगळी, आणि पूर्ण विझेपर्यंत हात लावायचा नाही. पहाटे कर, रिक्षा सुरू व्हायच्या आत. फायली दोन ठिकाणी ठेव. २०१९ च्या पुरात माझी वह्यांची ट्रंक गेली, म्हणून हे मी सगळ्यांनाच सांगत असते.

'ब्रो'चं म्हणशील तर घाई नाही. टोपणनाव हा मुलींसाठी आडोसा आहे, आणि अनोळखी लोकांत तो असावा. घरचा पत्ता, कॉलेज, फोटो यातलं काही द्यायचं कारण नाही. पण श्रेयाच्या ओळीत काय लिहायचं, याचा विचार आधी कर, कारण ती ओळ फायलीबरोबर जन्मभर फिरते. तिथं फक्त तुझं टोपणनाव असलं तर ते मला अपुरं वाटेल. भोपळा कुठला, तारा कुठल्या, घोडी कशाची, जवारी कुणाची, पॉलिश कुणाचं, वाद्य कुठल्या साली झालं, हे सगळं नोंदवायला जागा असते. अम्मीचं नाव आजवर एखाद्या तंबोऱ्यावर आलंय का, तेही विचार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं 'मिरज' हा शब्द तिथं असण्याला वजन आहे. सगळ्यांची मंजुरी मिळाली तर सीसी बाय मागून घे. बाय-एनसी त्या मंडळींना बहुधा चालणार नाही, मुक्त सॉफ्टवेअरवाले धंद्याची आडकाठी घेत नाहीत. सीसी झीरोचा आग्रह धरला, तर नाही म्हण. श्रेय पुसून टाकायची मागणी मला तुझ्या घराच्या बाबतीत मान्य नाही.

आता तुझ्या सहीकडे येते. 'अब्बा आणि भाईजान जवारी काढतात, मी आणि अम्मी पॉलिश नि नक्षीचं बघतो,' हे वाक्य तू सहज लिहून गेलीस. ज्या मुलीला कानशीचा आवाज जपून ठेवावासा वाटतो, तिला ती कानस हातात घ्यावीशी वाटत नसेल, हे मला पटत नाही. मला असं दिसतं की घोडीपाशी बसायला तुला कुणी बोलावलं नाही, म्हणून तू मायक्रोफोन घेऊन दारात उभी राहिलीस. माझं चुकत असेल तर सोडून दे. चुकत नसेल, तर अब्बांशी बोलायचा विषय फायलींच्या आधी हा आहे. 'मला जवारी शिकवा,' एवढंच. ते लगेच हो म्हणतील असं मी म्हणत नाही. भाईजानलाही थोडं लागेल. तरी तू मागितलं होतंस, हे घरात सगळ्यांना माहीत असायला हवं. डिग्री अर्थात पुरी कर, त्यावर चर्चा नको.

मी तरुणपणी काही वर्षं एका ठिकाणी आवाज मुद्रित करण्याच्या हंगामी कामावर होते. ध्वनिफितीचा स्पूल महाग, म्हणून जुना पुसून त्यावरच नवं घ्यायची रीत होती. तिथं एका म्हाताऱ्या कारागिराची मुलाखत झाली होती. टेबलावर भोपळा ठेवलेला, ते बोलता बोलता थांबले, बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "हं, हा बोलेल." कशावरून, ते त्यांनी पुढं पाच-सात मिनिटं समजावून सांगितलं. वर्षभरानं मी तो स्पूल काढला, तर त्यावर खतांच्या मात्रांची माहिती होती. ती पाच-सात मिनिटं मला आज एका वाक्यानंही आठवत नाहीत. हे तुझं पत्र वाचताना ते फार आठवलं.

म्हणून या शुक्रवारी, कारखाना शांत असेल तेव्हा, चांगला हेडफोन घेऊन अब्बांपाशी जा. समजावू नकोस, नुसतं कानाला लाव. फोनवरची ती फाइल ऐकव, शेपटी गिळलेली. ते लगेच म्हणतील, हे काय, हा आपला तंबोरा नव्हे. मग विचार, कुठं चुकतंय? आणि दुसरा रेकॉर्डर चालू करू का, हेही तेव्हाच विचार. हो म्हणाले तर खर्जाची तार आधी धाग्याशिवाय वाजवायला सांग, मग धागा सारून. धागा सारता सारता ते जे बोलतील, ते कापू नकोस.

तुझी,
माई