अक्ष, अक्षांश की आस?

प्रश्न आला आहे तो असा: ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरवर मराठी टिपण लिहायचं आहे. ‘आकड्यांच्या ॲक्सिसवर स्तंभ बसवणे’ यात ॲक्सिसला अक्षांश म्हणू, अक्ष म्हणू की आस?

अक्षांश मुळीच नको. तो नकाशातच राहू द्या, आलेखात ऐकला की माझं डोकं फिरतं. फाशाचा अक्ष, रुद्राक्षातला अक्ष हेही सोडा. आपला अक्ष गाडीचा, दोन चाकांमधला दांडा. लॅटिन आक्सिस, ग्रीक आक्सोन, इंग्रजी ॲक्सल ही त्याचीच भावकी. आणि मराठीच्या तोंडी तोच झिजून झाला आस! संस्कृत क्षचा हिंदीत ख होतो, तिथे मराठीत पुष्कळदा स किंवा श. क्षेत्राचं त्यांचं खेत, आपलं शेत. इक्षूची त्यांची ईख, आपला ऊस. कुक्षीची कोख, आपली कूस. मक्षिकेची मक्खी, आपली माशी. आस याच पंगतीतला. ‘मग लाख आणि काख कुठून आले?’ असं विचारणारे भेटतातच. उत्तरेकडून आले असावेत, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

‘आस गावंढळ, अक्ष शास्त्रीय’ म्हणणाऱ्या पंडितांनी पृथ्वीचा आस कलला आहे हे शाळेत कधी ऐकलं नाही काय? आशेच्या आसेशी घोटाळा होईल, ही तर निव्वळ सबब. ती आस, तो आस. तिचं आसेला, याचं आसाला.

हां, स्तंभ राहिले. आरमधल्या स्तंभ काढणाऱ्या ‘बारप्लॉट’ या आज्ञेला १९६१, १९७१ आणि २००१ अशी वर्षं स्तंभांखाली लिहायला दिलीत, तर तो त्यांना नुसती नावं समजतो. स्तंभाची रुंदी १, मधली आणि पहिल्याच्या आधीचीही फट ०.२, म्हणून स्तंभांचे मध्य येतात ०.७, १.९ आणि ३.१ वर. तीस वर्षांचं अंतर दहा वर्षांएवढंच दिसतं! याला आसावर बसवणं कसलं म्हणता, हे रांगेत उभं करणं झालं. आरच्याच ‘जीजीप्लॉट’ या आलेख काढायच्या जोडसाधनात वर्ष संख्या म्हणून दिलंत तर स्तंभ खरोखर १९६१ पाशी उभा राहतो. तिथे खुशाल ‘आसावर’ लिहा, नाहीतर शाळेतली ‘संख्यारेषा’ आहेच. आणि स्तंभ वर्गांवर, म्हणजे ०-१०, १०-२० अशा टप्प्यांवर, एकमेकांना चिकटून उभे असतील तर तो आयतालेख. त्याला स्तंभालेख म्हणणाऱ्यांचा समाचार पुढच्या खेपेस.