वाचकांचे प्रश्न : वंशसंहाराचे फोटो लावताना

प्रश्न : ७ एप्रिलला आमच्या वाचनालयात रवांडातल्या १९९४च्या वंशसंहारावर फोटोंचं प्रदर्शन लावायचा विचार आहे. कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीतल्या हत्याकांडाचेही फोटो घ्यावेत असं काही सभासद म्हणतात. मांडणी कशी करावी? – एक वाचक, फोंडा

उत्तर : घ्या, पण एका भिंतीवर सरमिसळ नको. रवांडाच्या राजधानीत, किगालीत, गिसोझी स्मारकात मारल्या गेलेल्यांचे जे फोटो टांगलेत, ते घरच्यांनी दिलेले आहेत, लग्नातले, सणावारातले. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, तुओल स्लेंग या ख्मेर रूजच्या तुरुंगातले (आता संग्रहालय) फोटो मात्र तुरुंगवाल्यांनीच कैदी आत येताना काढलेले, कित्येकांच्या छातीवर नंबर. एक फोटो मायेनं काढलेला, दुसरा मारणाऱ्यांच्या दप्तरातला. म्हणून प्रत्येक फोटोखाली नाव-गावाआधी कोणी काढला आणि कशासाठी, हे लिहा. नाव ठाऊक नसेल तर ‘नाव मिळालेलं नाही’ एवढंच. ‘अज्ञात बळी’ नको.

तुओल स्लेंगचा नंबर कापू नका, रंगही भरू नका. २०२१मध्ये कुणीतरी असे फोटो रंगवताना काही चेहऱ्यांवर हसू आणलं. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयानं हरकत घेतली आणि ते मागे घ्यावे लागले.

स्मारकाला ईमेल करून परवानगी आणि मोठी फाइल दोन्ही मागा. ८ × १० इंची प्रिंटला २४०० × ३००० पिक्सेल लागतात. नेटवरून उतरवलेली फाइल बहुधा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. प्रिंट मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते. ५ मिमी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) चिकटवा, नाहीतर आपल्या दमट हवेत कडा वळतात. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर. कवट्यांचे फोटो दाराशी तर मुळीच नकोत. शाळेची मुलं येणार असतील तर ते न लावलेलेच बरे.

प्रश्न : पावसात आमच्या आल्बमला बुरशी येते. संग्रहालयं जुने फोटो कसे जपतात? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : मूळ फोटो शक्यतो भिंतीवर लावत नाहीत, त्याची प्रत लावतात. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ फाइल ठेवा. बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नका. वरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन चित्रच निघून येतं. सावलीत, पंख्याखाली पूर्ण सुकवा, मग मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिस्टरचं वापरा. मागं नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलनं. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो.