पुस्तक कुठल्या पानावर उघडलंय?

पत्र : ताई, मी त्रेचाळीस वर्षांची, राहते वसईत, नोकरी अंधेरीला. सण जवळ आले की मला धडकी भरते. नाताळ म्हणजे साफसफाई, गोठा, कंदील, कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, केक आणि पाहुणे. ईस्टर असो की चर्चचा सण, वेगळं काही नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधली वाचनं होतात, पण चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत एक शब्द लक्षात राहत नाही. दोन वर्षं रोज लोकलमध्ये मोबाइलवर चिंतन ऐकते. चार ग्रुपवर रोजचं वचन येतं. गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांत, चिंतनाची पुस्तिका आणली, ती नवव्या दिवशी सुटली. नवऱ्याला यात रस नाही. मुलगा नववीत आहे, मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. फादरांची प्रवचनं लांबलचक. घरातही निवांतपणा नाही. सासरे 84 वर्षांचे आहेत, डोळ्यांचा पडदा गेलाय, अक्षर दिसत नाही, तरी रोज संध्याकाळी बायबल मांडीवर उघडून हॉलमध्ये बसतात, त्यामुळे टीव्हीसुद्धा मोठ्यानं लावता येत नाही. आगमनकाळ तोंडावर आलाय. शास्त्रवाचन आणि सण यांचा माझ्या रोजच्या जगण्याशी मेळ कसा घालू?
— एक वाचक, वसई

उत्तर : बाई, नवरा, मुलगा, फादर आणि मोबाइल यांच्याबद्दल मी आज काही बोलणार नाही. टीव्हीच्या तक्रारीत तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहून गेलात, मी तिथेच अडकले. तुमच्या घरात एक माणूस रोज संध्याकाळी बायबल उघडून बसतो आणि त्याला ते वाचता येत नाही. तुम्हाला वाचता येतं, आणि तुम्ही विचारताय की शास्त्रवाचनाचा रोजच्या जगण्याशी मेळ कसा घालायचा!

मला तुमचा राग आलाय, तो लपवत नाही. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही. पण दोन वर्षं तुम्ही जे कानात बोंडं घालून शोधताय, त्याची वाट बघत दुसरं कुणीतरी तुमच्याच हॉलमध्ये बसलंय आणि तुम्हाला त्याची अडचण वाटते. आज रात्रीपासून सासऱ्यांना वाचून दाखवायला लागा. माझा सल्ला एवढाच आहे, दुसरा पर्याय मी देणार नाही. बाकी जे लिहितेय ते कसं वाचायचं याबद्दल.

पहिल्या रात्री रोजचं वाचन शोधू नका. त्यांच्या मांडीवरचं पुस्तक कुठल्या पानावर उघडलेलं असतं ते बघा. बायबल वर्षानुवर्षं हाताळलं की ते एकदोन ठिकाणी आपोआप उघडतं, तिथली शिवण सैल होते, कडा काळवंडतात. ते पान कुठलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक पाहिलेलंच नाही. ‘पप्पा, हेच वाचू का?’ एवढं विचारा आणि तेच वाचा. एखादं स्तोत्र असेल, कदाचित सासूबाईंच्या अंत्यविधीला वाचलेला उतारा असेल. का म्हणून विचारू नका. सांगायचं असेल तर ते सांगतील.

एक हिशेब मांडा म्हणजे ते पुस्तक ते का सोडत नाहीत हे कळेल. आज जे 84 वर्षांचे आहेत, त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, भरली 1962 ते 1965 या काळात, आणि लोकभाषेतली उपासना त्यानंतर रुळली. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र सुरू झालं 1969 च्या आगमनकाळापासून. म्हणजे तुमचे सासरे मोठे होऊन कामाधंद्याला लागले, तेव्हा कुठे देवाचं वचन वेदीवरून त्यांच्या भाषेत त्यांच्या कानावर पडू लागलं. तुम्हाला ते जन्मापासून फुकट मिळालं. आता त्यांचे डोळे गेले आणि ते पुन्हा बंद झालं.

दुसऱ्या दिवसापासून रोजच्या मिस्सेचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला त्या दिवसाचा उतारा, घ्या. ते सापडायला चर्चची दिनदर्शिका पुरते. रविवारची वाचनं अ, ब, क या वर्षांप्रमाणे बदलतात. सनाला 3 ने नि:शेष भाग जात असेल तर ते क वर्ष, मात्र उपासनेचं नवं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लागतं, त्यामुळे डिसेंबरात पुढच्या सनाचा हिशेब धरायचा. आठवड्याच्या दिवसांचं शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असतं, सामान्य काळात, म्हणजे सणांचे खास काळ सोडून उरलेल्या दिवसांत, बदलतं ते फक्त पहिलं वाचन. त्यामुळे एक वर्ष नीट वाचलंत की पुढच्या वर्षी तीच शुभवर्तमानं ओळखीची होऊन परत येतील.

वेळ जेवणाआधीची ठेवा. जेवणानंतर त्यांना पेंग येईल आणि तुम्हाला ओट्यावरची भांडी दिसत राहतील. लोकलमधून उतरून घरी आलात, हातपाय धुतलेत, चहा घेतलात की बसा. ज्या कानानं त्यांना बरं ऐकू येतं त्या बाजूला, हातभर अंतरावर. टीव्ही आणि मोबाइल बंद. थंडीचे दिवस आहेत, पंखाही बंद करा. पंख्याच्या घरघरीत म्हाताऱ्या कानांना शब्दांचे शेवट ऐकू येत नाहीत. ओरडून वाचू नका. वयानं कान जातात तेव्हा आधी बारीक, चढा आवाज ऐकू येईनासा होतो, ओरडल्यानं आपला आवाज आणखी चढतो आणि त्यांना कमी कळतं. आवाज खाली आणा, वेग कमी करा, पूर्णविरामाला पुरता श्वास घ्या. अध्यायांची शीर्षकं आणि वचनांचे आकडे वाचू नका. स्वयंपाक चढवण्याआधी एकदा मनात वाचून घ्या आणि अवघड नावांखाली पेन्सिलीनं रेघ ओढा.

वाचून झालं की लगेच उठू नका. थोडं थांबून तोच उतारा पुन्हा वाचा, पहिल्यापेक्षा हळू. मग एकच प्रश्न: ‘पप्पा, कुठलं वाक्य राहिलं?’ ते सांगतील ते ऐका. मग तुमचं सांगा. अर्थ समजावायला जाऊ नका, त्या ग्रुपवरचं चिंतन तर मुळीच वाचून दाखवू नका. वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं बसणं या चार पायऱ्या मठवासी शतकानुशतकं चढत आलेत. पुस्तिका तुमच्याकडून सुटली कारण त्यात मननाचं काम दुसऱ्या कुणीतरी उरकून ठेवलेलं होतं. तुम्ही फक्त पानं उलटत होता. दोन वेळा वाचून सगळं दहा मिनिटांत होतं.

आगमनकाळात एका जागी तुमचा धीर सुटेल, म्हणून आधीच सांगते. पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी मत्तय 9:27 ते 31 येतं, दोन आंधळे येशूच्या मागे ओरडत जातात आणि त्यांना दृष्टी मिळते. त्याच दिवशी पहिल्या वाचनात यशयाच्या 29 व्या अध्यायात आंधळ्यांचे डोळे पाहतील असं अभिवचन आहे. आपल्या सासऱ्यांसमोर हे कसं वाचू, असं तुम्हाला वाटेल. वाचा. गाळू नका, आवाज मऊ करू नका, वाचताना त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघू नका. तो उतारा तुमच्या लग्नाच्याही आधीपासून त्यांनी किती वेळा ऐकलाय. त्यांनी त्याचं काय केलंय ते त्यांना माहीत आहे. ते चिडले तर चिडू द्या, देवावर चिडायचा हक्क तुमच्या पुस्तकातल्या, दुःखात देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबानं केव्हाच मिळवून ठेवलाय.

खरा गाभा 17 ते 24 डिसेंबर. तुमच्या घरात कुलकुल वळायचे आणि नेवऱ्या तळायचे तेच दिवस, आणि शास्त्रवाचनात नाताळ चढत येतो तोही त्याच दिवसांत. 17 ला मत्तय 1:1 ते 17, येशूची वंशावळ. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, नुसती नावं. हे वाचन सगळे भरभर उरकतात. तुम्ही उरकू नका. वसईतला म्हातारा माणूस ‘हा कुणाचा, कुठल्या आळीतला’ हे विचारल्याशिवाय कुणाला पाणी देत नाही. त्यांना ही यादी तुमच्यापेक्षा जास्त कळेल. अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, जरुब्बाबेल ही नावं आदल्या दिवशी तोंडात बसवून घ्या. बापांच्या त्या रांगेत मरियेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. एक सासऱ्याशी न्यायासाठी भांडलेली, एक गावानं वाळीत टाकावी अशी, एक परमुलखातली विधवा सून, एक राजानं बळजोरीनं नेलेली. त्यांच्यावर प्रश्न आले तर उत्पत्तीचा 38 वा अध्याय, यहोशवाचा दुसरा, रूथचं छोटंसं पुस्तक आणि दुसऱ्या शमुवेलाचा 11 वा अध्याय काढून ठेवा. जानेवारीपर्यंतच्या संध्याकाळी त्यातच निघतील. यातली रूथ तुम्ही स्वतःसाठीही वाचा. सून म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ थांबणं म्हणजे काय, ते त्यात चार अध्यायांत आहे.

18 ला योसेफाचं स्वप्न. 19 ला लूक 1:5 ते 25, म्हातारा जखऱ्या मंदिरात धूप जाळायला जातो, देवदूताचं बोलणं त्याला पटत नाही आणि त्याची वाचा जाते. 20 ला देवदूत गब्रिएल मरियेकडे, 21 ला मरिया जखऱ्याच्या बायकोकडे, अलीशिबेकडे. या दोन दिवशी काय होईल ते सांगते. देवदूताचा नमस्कार आणि अलीशिबेचे शब्द मिळून ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग होतो. सासऱ्यांनी तो जपमाळेवर इतक्यांदा म्हटलाय की तुम्ही वाक्याच्या मध्यावर पोहोचायच्या आत ते पुढचं म्हणायला लागतील. थांबा, त्यांना म्हणू द्या. शब्द पुस्तकातल्यासारखे नसले तरी दुरुस्त करू नका. 22 ला मरियेचं गीत. 23 ला जखऱ्या-अलीशिबेच्या मुलाचं नाव ठेवायची वेळ येते, जखऱ्या पाटी मागून ‘याचं नाव योहान’ असं लिहितो आणि त्याला बोलता येऊ लागतं. 24 ला सकाळच्या मिस्सेत त्याच्या तोंडून निघालेलं स्तुतिगीत. गोठ्यातल्या बाळापर्यंत जायची वाट ख्रिस्तसभा आपल्याला एका म्हाताऱ्याच्या घरातून नेते. हे तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा तुम्ही तेलाचं तापमान बघत होता.

मध्ये रविवार येईलच, चर्चमध्ये त्या दिवशी रविवारचं वाचन होईल. घरी मात्र हा क्रम मोडू नका, नाहीतर जखऱ्याची गोष्ट अर्धी राहते.

वेळ कुठून काढायचा? फराळातला एक प्रकार यंदा कमी करा. मिल्क क्रीम सोडा, तासभर ढवळत उभं राहावं लागतं आणि करताना गॅसपासून हलता येत नाही. कुलकुल ठेवा, कारण ते काट्यावर वळता वळता बसून करता येतात आणि सासऱ्यांच्या हातांना ते डोळ्यांशिवायही जमतात. पीठ त्यांच्यासमोर ठेवा. वाचन संपल्यावर वळायला बसा, ऐकलेल्याचं बोलणं तेव्हा निघेल.

एक गोष्ट चुकेलच: तिसऱ्या-चौथ्या दिवशी उशिरा घरी याल, डोकं दुखत असेल आणि ‘पप्पा, आज राहू दे, उद्या दोन दिवसांचं एकदम वाचू’ म्हणाल. तसं करू नका. त्या दिवशी फक्त दोन वचनं वाचा, उभ्यानं वाचा, पण वाचा. तुम्ही विसरलात तर ते आठवण करून देणार नाहीत. ओझं व्हायला नको म्हणून ते गप्प बसायला शिकलेत. टीव्हीचा आवाज कमी करा असंही त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसेल, तुम्हीच ओळखून कमी ठेवता. म्हणजे तुम्हाला ओळखता येतं.

त्यांना चर्चला जाणं जमत नसेल तर धर्मग्रामाच्या कार्यालयात नाव द्या. आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घरी आणून देतात, बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. त्या दिवशी ते येण्याआधी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचून झालेलं असू द्या.

नवऱ्याला आणि मुलाला बोलवू नका. भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढं पुरे. मुलगा इंग्रजी माध्यमातला असेल तर मराठी वाचताना अडखळेल, तरी 30 डिसेंबरला पुस्तक त्याच्या हातात द्या. त्या दिवशी लूक 2:36 ते 40 आहे, पाचच वचनं. मंदिर न सोडणारी, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना बाळ येशूला बघते आणि सगळ्यांना त्याच्याविषयी सांगत सुटते. आदल्या दिवशीचा, बाळ येशूला हातांत घेणारा शिमोन तुम्ही वाचलेला असेलच. ‘चौऱ्याऐंशी’ हा जोडाक्षरांचा आकडा मुलाला पहिल्या फटक्यात जमणार नाही. तुम्ही मध्ये पडू नका, आजोबा सांगतील.