न वाचलेली २१० पुस्तकं आणि ६८ हजारांची खरेदी

प्रश्न : मालगुंडला आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे, नोकरी रत्नागिरीत. हातात पगार ४२,००० येतो. घरकर्जाचा हप्ता ११,५००, घरखर्च २२,०००, म्युच्युअल फंडातली एसआयपी ३,०००. दरमहा सरासरी सात पुस्तकं घेतो, सुमारे २,४५० रुपयांची. वाचून होतात तीन. वाचायची राहिलेली २१० झाली आहेत आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. दोन काचेची कपाटं (४६,०००) आणि हवेतला ओलावा शोषणारं यंत्र (२२,०००) बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावं, की १,२०,००० ची मुदत ठेव मोडावी? मे अखेरीस आंब्याचे खर्च जाऊन ४०,००० सुटतील.

उत्तर : नमस्कार. दोन्ही करू नका. पुस्तकं मात्र याच पावसाळ्याआधी सुरक्षित करायची आहेत आणि ते पाच हजारांत होतं.

आधी हप्त्याचं बघू. ६८,००० चे बारा भाग म्हणजे महिना ५,६६७. तुमचे सगळे खर्च जाऊन, पुस्तकं धरून, उरतात ३,०५०. म्हणजे दरमहा २,६१७ ची तूट पहिल्याच महिन्यापासून, आणि ती भरायला तुम्ही एसआयपी थांबवाल. शिवाय ‘बिनव्याजी’ योजनेत व्याज सवलतीच्या रूपात परत मिळतं, पण हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. व्याजदर १५ टक्के धरला तर तोच साडेनऊशेच्या आसपास जातो, वर प्रक्रिया शुल्क. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जे सोडतो, तेही हातचं जातं.

ठेवीला हात लावू नये, कारण ती तुमची अडीअडचणीची एकमेव गंगाजळी आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ३३,५०० लागतात. सव्वा लाखाच्या आतली ठेव साडेतीन महिने पुरेल. सहा महिन्यांसाठी २,०१,००० हवेत. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली-मंडणगडकडे कौलं उडून भर पावसात घरं उघडी पडली, हे तुम्हाला सांगायला नको. कौलारू घरात राहणाऱ्याने ही ठेव कमी नाही, जास्तच ठेवायची.

आता यंत्राचं. ते बंद खोलीतच काम करतं. कौलारू घरात भिंत आणि कौलांच्या मधल्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून बाहेरची हवा सतत आत येते. तिथे ते यंत्र रात्रभर चालवलंत तरी बाहेरचाच पाऊस सुकवायला बघेल. ३५० वॅटचं यंत्र रोज आठ तास म्हणजे महिन्याला ८४ युनिट. दहा रुपये दर धरला तर ८४० रुपयांचं बिल, चार महिन्यांचे ३,३६० आणि खोली दमटच. खोलीला सलग छत असेल, दारं-खिडक्या घट्ट बसत असतील तरच त्याचा विचार करा.

काचेच्या कपाटाची गोष्टही तशीच. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी येते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती याच्या खाली क्वचितच उतरते. जूनमध्ये दमटलेली पुस्तकं बंद काचेआड ठेवली तर ओलावा आतच कोंडतो. मागची बाजू बाहेरच्या भिंतीला टेकलेली असेल तर पहिले डाग तिथेच पडतात.

त्याऐवजी असं करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाची सर येण्याआधी, कोरड्या दुपारी पुस्तकं सावलीत उभी करून पानं मोकळी करा. बांधणीच्या खोबणीत कसर (कागद खाणारी कीड) किंवा तिची अंडी आहेत का बघा, मऊ ब्रशने झाडा. झाकणाला रबरी पट्टी असलेले तीस लिटरचे प्लॅस्टिकचे सात डबे घ्या. प्रत्येकात तीस पुस्तकं. पन्नास लिटरचा डबा घेऊ नका, भरल्यावर एकट्याने उचलत नाही. प्रत्येक डब्यात पातळ कापडी पिशवीत पाव किलो सिलिका जेल ठेवा. केशरी दाणे ओलावा पिऊन हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा केशरी होतात. डबे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, म्हणजे वाळवी आली तर दिसते. झाकणावर आतल्या पुस्तकांची यादी चिकटवा. नाहीतर आहे तेच पुस्तक पुन्हा विकत घेतलं जातं. डबे सुमारे ४,२००, जेल ८००.

आंब्याच्या चाळीस हजारांपैकी हे पाच, ठेवीत बावीस, उरलेले तेरा दसऱ्यानंतर एका पावडर कोटिंगच्या लोखंडी कपाटासाठी. खाऱ्या हवेत त्याचे पाय आधी गंजतात, म्हणून खाली फरशीचे तुकडे आणि भिंतीपासून चार इंच अंतर. ते वाचून झालेल्या पुस्तकांसाठी.

खरेदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बंद करू नका, मर्यादा घाला. मराठी पुस्तकाची आवृत्ती सहसा हजाराच्या आसपास प्रतींची असते. संपली की पुढची कधी निघेल याचा भरवसा नसतो. संदर्भग्रंथ, कवितासंग्रह, स्थानिक इतिहास, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं दिसली की घ्यावीत, वाचायला दोन वर्षं लागली तरी. पण सगळीकडे मिळणारी, वर्षानुवर्षं पुनर्मुद्रित होणारी कादंबरी आज घेऊन पाच वर्षं ठेवण्यात फायदा नाही. आजच्या वेगाने तुमचा गठ्ठा वर्षाला ४८ पुस्तकांनी वाढतो. एकही नवं घेतलं नाही तरी हाताशी असलेली ७० महिने पुरतील.

महिना १,५०० ठरवा. दोन नवी पुस्तकं सातशेची. उरलेले आठशे प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनं आणि दिवाळी अंकांसाठी साठू द्या. प्रकाशनपूर्व नोंदणीचे पैसे भरले त्याच दिवशी खर्च धरा, पुस्तक सहा महिन्यांनी आलं तरी. बचत झालेले ९५० दरमहा ठेवीकडे. कादंबऱ्यांसाठी रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय तुमच्या नोकरीच्या गावातच आहे, १८२८ पासूनचं. अनामत आणि वर्गणी भरून आधी तिथून वाचा, आवडलं तर घ्या.

घराचा विमा नसेल तर ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी बघा. वादळ, पूर, आग यात घर आणि घरातलं सामान दोन्ही येतं. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत सामान आपोआप धरलं जातं. दमटपणाने हळूहळू आलेली बुरशी यात बसत नाही, त्यासाठी वरचे डबेच.

दुकानात आगाऊ रक्कम दिली असेल तर हप्त्याचं कर्ज मंजूर होण्याआधीच लेखी रद्द करा. मंजुरीनंतर प्रक्रिया शुल्क सहसा परत मिळत नाही.