वाचकांचे प्रश्न : पहिली पसंती छोट्या पक्षाला दिली, मग दुसरी कोणाला?

न्यू साउथ वेल्स राज्याच्या निवडणुकीत छोट्या पक्षांना मत द्यावे की नाही, याविषयी सिडनी आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगणे या सदराचे काम नाही. मात्र दिलेल्या मताचे पुढे काय होते, हे जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे आणि बहुतेकांचा गोंधळ नेमका तेथेच होतो, असे पत्रांवरून दिसते.

प्रश्न : मला प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या पक्षाला मत द्यावेसे वाटते. घरी हा विषय निघाला तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, हे मत पाण्यात जाईल. उलट तुम्हाला जो नको आहे तोच निवडून येईल." पुण्यात असतानाही आम्ही हेच ऐकत आलो. येथेही तसेच असते का?
— एक वाचक, वेंटवर्थव्हिल

उत्तर : आपल्या दिरांचे म्हणणे पुण्यातल्या विधानसभा मतदारसंघाला तंतोतंत लागू पडते. तेथे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती मते तीस टक्के का असेनात. म्हणूनच "अमका उमेदवार मते खायला उभा आहे" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेची मोजणी मात्र वेगळ्या रीतीने होते, आणि ती समजून घ्यायला मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितात. फेब्रुवारी 2023 मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघात पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मतसंख्या, गाठता आला नाही, तेव्हा तळाचे उमेदवार एकेक करून बाद करण्यात आले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती पाहत मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. हे ज्यांनी बातम्यांत पाहिले असेल, त्यांना येथील पद्धत निम्मी समजलेलीच आहे.

येथे विधानसभेच्या 93 जागा आहेत आणि प्रत्येक मतदारसंघातून एकच सदस्य निवडला जातो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कोणाला मिळाली तर प्रश्नच मिटतो. न मिळाल्यास सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवर 2 हा आकडा ज्याच्यापुढे असेल त्याच्या गठ्ठ्यात ती मतपत्रिका जाते. जाताना तिचे मोल कमी होत नाही. पूर्ण एक मत म्हणूनच ती मोजली जाते. तेव्हा आपण छोट्या पक्षापुढे 1 आणि दोन मोठ्या पक्षांपैकी जो बरा वाटतो त्याच्यापुढे 2 लिहिलेत, तर छोटा पक्ष बाद झाल्यावर आपले मत त्या मोठ्या पक्षाच्या कामी येते. येथपर्यंत आपल्या दिरांची भीती निराधार आहे.

मात्र ते अगदीच चूक आहेत असेही म्हणता येत नाही, आणि या उत्तरातला खरा मुद्दा हाच आहे. न्यू साउथ वेल्समध्ये 2, 3 हे पुढचे आकडे लिहिणे ऐच्छिक आहे. ही तरतूद 1980 पासून असून ती राज्याच्या घटनेतच अशी घातलेली आहे की, जनमत घेतल्याखेरीज ती बदलता येत नाही. नुसता 1 लिहिलेली मतपत्रिका वैध असते. परंतु तो उमेदवार बाद झाला की तिला पुढे जायला वाट उरत नाही. मोजणीच्या भाषेत ती "एक्झॉस्ट" होते, म्हणजे ती बाजूला ठेवली जाते आणि अखेरच्या दोघांतील निवडीत तिचा काहीही वाटा राहत नाही. आपले दीर ज्याला पाण्यात गेलेले मत म्हणतात ते हेच, फरक इतकाच की ते पाण्यात जाते छोट्या पक्षाला दिल्यामुळे नव्हे, तर पुढचे रकाने मोकळे सोडल्यामुळे.

हा प्रकार किती महाग पडू शकतो याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मार्च 2023 च्या निवडणुकीत राइड मतदारसंघाची जागा फेरमोजणीनंतर लिबरल पक्षाने लेबर पक्षाविरुद्ध, म्हणजे येथील दोन मोठ्या पक्षांपैकी एकाने दुसऱ्याविरुद्ध, अवघ्या 54 मतांनी जिंकली. एक्झॉस्ट झालेल्या मतपत्रिका या 54 च्या कितीतरी पट होत्या. त्या मतदारांपैकी कोणाला काय हवे होते हे आपल्याला कळायला मार्ग नाही, कारण त्यांनी ते लिहिलेच नव्हते.

मी स्वतः या राज्यात पहिल्यांदा मतदान केले तेव्हा नेमके हेच केले होते. एका शाळेच्या सभागृहात पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे राहून मी एका छोट्या पक्षापुढे 1 लिहिला आणि मोठे काम केल्याच्या समाधानात मतपत्रिका पेटीत टाकली. बाहेर येऊन रांगेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी "आणि 2 कोणाला?" असे विचारले, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. माझे मत नियमाप्रमाणे पूर्णपणे वैध होते आणि बहुधा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच निकालातून बाहेर पडले होते.

आणखी एक खबरदारी सांगतो. देशाच्या, म्हणजे फेडरल, निवडणुकीत प्रतिनिधिगृहाच्या मतपत्रिकेवर सर्व रकान्यांत आकडे लिहावेच लागतात. एखादी चूक झाली तर मत बाद होण्याचा धोका असतो. राज्याच्या निवडणुकीत ती सक्ती नाही. त्यामुळे एकाच घरातली माणसे दोन निवडणुकांचे नियम एकमेकांत मिसळतात आणि जेवणाच्या टेबलावर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. सोपा उपाय असा की, राज्याच्या निवडणुकीतही सगळे रकाने भरावेत. त्याने नुकसान काहीच होत नाही. अगदी नावडत्या उमेदवाराला शेवटचा आकडा देताना पेन्सिल अडखळते हे खरे. पण शेवटचा आकडा म्हणजे त्याला दिलेले मत नव्हे, तर इतर सर्व बाद झाले तरच विचारात घ्यायची सूचना.

प्रश्न : मतदान केंद्राबाहेर एका मोठ्या पक्षाच्या स्वयंसेवकाने "फक्त 1 लिहा, पुरे" असे सांगितले. आपण सर्व आकडे लिहा म्हणता. यात कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, सेव्हन हिल्स

उत्तर : दोघांचेही खरे आहे, हेतू मात्र वेगवेगळे आहेत. ज्या पक्षाला पहिल्या पसंतीची भरपूर मते मिळण्याची खात्री असते, त्याला प्रतिस्पर्ध्यांच्या मतपत्रिका एकमेकांकडे वळू नयेत असेच वाटते. क्वीन्सलँडमध्ये 2001 साली तेव्हाचे मुख्यमंत्री पीटर बीटी यांच्या लेबर पक्षाने "जस्ट व्होट 1" हाच प्रचार केला होता, कारण समोरच्या बाजूचे पक्ष आपसांत विभागलेले होते. त्या राज्यात तेव्हा पुढचे आकडे ऐच्छिक होते; 2016 मध्ये ते पुन्हा सक्तीचे झाले. स्वयंसेवकांच्या हातातले "हाऊ टू व्होट कार्ड" ही त्या पक्षाची विनंती असते, नियम नव्हे. ते घ्यावे, हवे तर नम्रपणे नाकारावे; आत गेल्यावर आकडे आपलेच असतात.

प्रश्न : माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. ती म्हणते की छोटे पक्ष आपापसांत सौदे करतात आणि आपले मत भलत्याच पक्षाला विकतात. वरच्या सभागृहाची ती भलीमोठी मतपत्रिका पाहिली की मलाही तसेच वाटते. नेमके खरे काय?
— एक वाचक, ब्लॅकटाउन

उत्तर : आपली बहीण ज्या राज्यात राहते त्या राज्यापुरते तिचे म्हणणे रास्त आहे. व्हिक्टोरियाच्या विधान परिषदेत 2022 च्या निवडणुकीतही अशी पद्धत होती की, मतदाराने मतपत्रिकेवरील आडव्या रेषेच्या वर (तेथे पक्षांचे रकाने असतात, खाली एकेका उमेदवाराचे) एकाच पक्षापुढे 1 लिहिला की पुढचे सर्व पसंतीक्रम त्या पक्षाने आधी नोंदवलेल्या यादीनुसार ठरत. त्यामुळे 2018 मध्ये ट्रान्सपोर्ट मॅटर्स पक्षाचे रॉड बार्टन हे पहिल्या पसंतीची एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे 0.62 टक्के मते मिळवून सदस्य झाले. यात त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. दोष होता तो नियमाचा.

न्यू साउथ वेल्सने हा धडा त्याच्या कितीतरी आधी, चांगलाच पोळल्यावर घेतला. 1999 च्या निवडणुकीत विधान परिषदेसाठी 81 गट आणि 264 उमेदवार उभे राहिले. मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांबीची झाली आणि लोकांनी तिला "टेबलक्लॉथ" हे नाव दिले. मतदानाच्या आडोशात ती पूर्ण उलगडायला जागाच नव्हती. ती घडी घालून, उलटसुलट करून वाचावी लागे. त्या निवडणुकीत आउटडोअर रिक्रिएशन पक्षाचे माल्कम जोन्स पहिल्या पसंतीच्या जेमतेम 0.2 टक्के मतांवर निवडून आले. त्यानंतर नियम बदलले. पक्षाला नोंदणीसाठी 750 सदस्य दाखवावे लागतात, मतदानाच्या वर्षभर आधी नोंदणी झालेली असावी लागते, रेषेच्या वर रकाना हवा असेल तर गटात किमान 15 उमेदवार लागतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपली पुढची पसंती आता पक्ष ठरवू शकत नाही. ती आपण लिहिली तर असते, नाही लिहिली तर नसते.

येथील विधान परिषदेत 42 सदस्य असून त्यांची मुदत आठ वर्षांची असते. दर निवडणुकीत त्यांतील 21 जागा भरल्या जातात आणि संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असतो. त्यामुळे कोटा सुमारे 4.55 टक्क्यांचा पडतो. मतदाराला रेषेच्या वर एका गटापुढे 1 आणि वाटल्यास इतर गटांपुढे 2, 3 लिहिता येतात. किंवा रेषेच्या खाली एकेका उमेदवारापुढे किमान 15 आकडे लिहावे लागतात. बहुतेक मतदार वर 1 लिहून थांबतात, आणि त्यामुळे अखेरच्या फेऱ्यांत शिल्लक मतपत्रिका इतक्या कमी होतात की पूर्ण कोटा न गाठताही जागा मिळते. 2023 मध्ये लीगलाइज कॅनबिस, लिबरल डेमोक्रॅट्स आणि शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स या तीन पक्षांना प्रत्येकी एकेक जागा मिळाली, ती तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपासच्या मतांवर. छोट्या पक्षाच्या मतदाराने सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी जागा माझ्या मते हीच आहे. विधानसभेतल्या त्याच्या 1 पेक्षा या मोठ्या मतपत्रिकेवरील 1, 2 आणि 3 चे वजन जास्त पडते, आणि तरीही लोक ती घाईघाईत उरकतात.

प्रश्न : छोटे पक्ष कधीच सरकार स्थापन करणार नाहीत. मग दोन-चार सदस्य निवडून आले काय आणि न आले काय?
— एक वाचक, पॅरामाटा

उत्तर : 2023 च्या निवडणुकीत लेबर पक्षाला विधानसभेच्या 93 पैकी 45 जागा मिळाल्या, बहुमताला 47 लागतात. ख्रिस मिन्स यांचे सरकार त्यामुळे अल्पमतात स्थापन झाले. विधान परिषदेत तर त्या पक्षाचे 2019 आणि 2023 मिळून 15 सदस्य निवडून आलेले होते, म्हणजे 42 च्या निम्म्यापेक्षा बरेच कमी. प्रमुख विरोधक एखाद्या विधेयकाच्या विरोधात गेले की सरकारला ग्रीन्स पक्षापासून शूटर्स पक्षापर्यंत इतर सदस्यांशी बोलावेच लागते. विधेयकात दुरुस्त्या होतात, चौकशी समित्या बसतात, कागदपत्रे सभागृहापुढे मागवली जातात. हे काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच येते.

क्वचित छोटा पक्ष विधानसभेतही मोठ्यांना ओलांडतो. 2011 मध्ये बॅलमेन मतदारसंघात पहिल्या पसंतीत लिबरल उमेदवार पुढे होता आणि लेबर पक्ष ग्रीन्सच्या किंचित मागे पडला. लेबर उमेदवार बाद झाल्यावर त्याच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीने जागा ग्रीन्सच्या जेमी पार्कर यांना मिळवून दिली. येथे बाद झालेला मोठा पक्ष होता, हे आपल्या पत्रातील "कधीच" या शब्दाच्या संदर्भात नोंदवून ठेवतो.

याखेरीज पैशाचाही भाग आहे. पहिल्या पसंतीची किमान 4 टक्के मते मिळाली तर प्रचारखर्चाची काही भरपाई सरकारी तिजोरीतून मिळू शकते. ही मोजणी केवळ पहिल्या पसंतीवर होते, त्यामुळे आपला 1 कोणापुढे आहे याला निकालापलीकडेही अर्थ उरतो.

प्रश्न : मी येथे कायम रहिवासी आहे, कर भरतो, मुले येथेच शिकतात. राज्याच्या निवडणुकीत तरी मत देता येईल का?
— एक वाचक, वेस्टमीड

उत्तर : नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व लागते, आणि ते घेतल्यावर भारताचे सोडावे लागते. एकदा मतदारयादीत नाव आले की मतदान सक्तीचे होते. कारण न देता टाळल्यास 55 डॉलर दंड होतो.

प्रश्न : मतदान केंद्रात पेन्सिल देतात. कोणी आकडे खोडून बदलले तर?
— एक ज्येष्ठ वाचक, हॅरिस पार्क

उत्तर : आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात केंद्रावर दिलेले जांभळ्या शाईचे पेनच वापरावे लागते, स्वतःचे वापरले तर मत बाद होते, म्हणून ही शंका येणे स्वाभाविक आहे. येथे उलट आहे. पेन्सिल केवळ सोयीसाठी ठेवलेली असते आणि स्वतःचे पेन नेण्यास कोणतीही हरकत नसते. मोजणीच्या वेळी उमेदवारांचे प्रतिनिधी टेबलाशी उभे असतात. तरीही मन साशंक असेल तर खिशात एक पेन ठेवावे. वरच्या सभागृहाची मतपत्रिका भरायला ते पेन्सिलीपेक्षा सोयीचेही पडते, कारण पेन्सिलीचे टोक तिसऱ्या-चौथ्या रकान्यापर्यंत बहुधा बोथट झालेले असते.