आज्ञा पाळली तर पैसे बुडणार, मग त्या पैशांचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भागीदार खोटी बिलं लावून कर वाचवतो, हिशेबावर सही तुमचीही लागते. हे देवाला मान्य नाही हे कळतंय, पण बाहेर पडलात तर गुंतवलेली रक्कम अडकेल.

यहूदाचा राजा अमस्या याने हाच प्रश्न विचारला होता. बायबलमधला 2 इतिहास, अध्याय 25 काढा. त्याने लढाईसाठी शेजारच्या इस्राएलाच्या राज्यातून एक लाख सैनिक भाड्याने आणले आणि शंभर किक्कार चांदी मोजली. किक्कार म्हणजे साधारण 34 किलो, तेव्हा सगळी मिळून साडेतीन टनांच्या आसपास. देवाच्या माणसाने, म्हणजे एका संदेष्ट्याने सांगितलं, ही फौज नेऊ नकोस. अमस्या लगेच म्हणाला, मग त्या शंभर किक्कारांचं काय? उत्तर आलं की परमेश्वर तुला याहून पुष्कळ अधिक देऊ शकतो. ‘देईलच’ असं तिथे म्हटलेलं नाही.

अमस्याने फौज परत पाठवली. उपदेश बहुधा इथेच थांबतो. पुढे 13व्या वचनात त्याच सैनिकांनी चिडून यहूदाची नगरं लुटली आणि 3,000 माणसं मारली. चांदी गेलीच, वर हा भुर्दंड. ‘आज्ञा पाळा, दुप्पट मिळेल’ असं कोणी सांगू लागलं तर हे वचन पुढे करा. लढाई मात्र तो त्या फौजेशिवाय जिंकला.

आता तुमचं. खोट्यावर सही न करणं ही सरळ आज्ञा आहे. भागीदारी सोडणं हा त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष, तो कदाचित बरोबरही असेल. म्हणून आधी सही थांबवा आणि पर्याय द्या. दानीएलाने राजाचं अन्न नाकारताना आरडाओरडा केला नाही, कारभाऱ्याकडे दहा दिवसांची मुदत मागितली. तुम्ही म्हणा, ‘या महिन्यापासून फक्त खरी बिलं, फरक किती पडतो ते मी मांडून दाखवतो.’ भागीदाराने ऐकलं तर सोडायची वेळच येणार नाही.

ऐकलं नाही तर लूक 14:28 मध्ये प्रभू येशूने सांगितलंय तसं आधी बसून खर्चाचा हिशेब करा, तोही कागदावर. अडकलेली रक्कम, हाताशी किती महिन्यांचा घरखर्च आहे, तुमच्या हमीवरची कर्जं, कामगारांचे थकलेले पगार. शेवटची ओळ विसरू नका. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’ (अर्पण) म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना येशूने चांगलंच फटकारलं होतं. तुमच्या आज्ञापालनाचं बिल दुसऱ्याच्या ताटातून फेडू नका. नवरा किंवा बायको, जे कोणी घरी असेल, त्यांना हा कागद पाळकांच्याही आधी दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ अर्धवटपणात होतो. अमालेकी लोकांचं सगळं, गुरंमेंढरंसुद्धा, नष्ट कर अशी राजा शौलाला देवाची आज्ञा होती. त्याने लोकांचा नाश केला, पण चांगली मेंढरं ‘अर्पणासाठी’ राखली. संदेष्टा शमुवेलाने विचारलं, मग हे मेंढरांचं बेंबाटणं माझ्या कानी कुठून येतंय? सही बंद, पण जुन्या खोट्या बिलांतून वाचलेल्या करावर हक्क सोडायचा नाही, हे तेच बेंबाटणं. लेवीय 6 मध्ये फसवून घेतलेली मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत द्यायला सांगितलंय. करसल्लागाराला विचारून मागचे हिशेब दुरुस्त करा, दंड भरायची तयारी ठेवा. बाहेर पडलात तरी भागीदार असतानाच्या व्यवहारांची जबाबदारी सहसा सुटत नाही. म्हणून करारनाम्यातली नोटिशीची मुदत पाहा, वकिलाला दाखवा आणि बँकेला आणि ज्यांचं देणं आहे त्यांना लेखी कळवा.

भीती वाटते म्हणून स्वतःला कोसू नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनेही हा दुःखाचा प्याला टळो म्हणून तीनदा प्रार्थना केली. तुम्हीही नुकसान टळावं असं मागा, फक्त ‘देवाची इच्छा कळेपर्यंत थांबतो’ म्हणत पुढची तीन विवरणपत्रं भरू नका. तारीख ठरवा.

आणि नोटिशीत वचनं घालू नका. भागीदाराला तो टोमणा वाटेल, वकिलाला ते निरुपयोगी. ‘अमुक तारखेपासून मी ज्यांची खरेदी झालेलीच नाही अशा बिलांवर सही करणार नाही’ एवढं एक वाक्य, खाली सही, आणि पोच घेतलेली एक प्रत स्वतःकडे.