पितळ हे संयुग आहे की मिश्रण?

मिश्रण, पण समांगी, म्हणजे सगळीकडे सारखं मिसळलेलं. म्हणून त्यातलं तांबं आणि जस्त वेगळं दिसत नाही. संयुगात प्रमाण पक्कं असतं: पाणी कुठलंही घ्या, १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजनच. पितळात जस्त १० टक्के असो वा ३५, ते पितळच. फक्त लालसर रंग पिवळा होत जातो. ओतकामात आधी तांबं वितळवतात (१०८५ अंश सेल्सिअस), मग जस्त टाकतात, कारण ते ९०७ अंशांनाच उकळतं. तरी थोडं जळून पांढरा धूर निघतोच. तो झिंक ऑक्साइडचा, आणि ते मात्र संयुग. एक मेख आहे: जस्त ५० टक्क्यांपुढे गेलं की तांबं-जस्ताच्या ठरावीक रचनेचे ठिसूळ स्फटिक तयार होतात, तिथे मिश्रण आणि संयुग यांतली सीमा धूसर होते. शाळेच्या पेपरात ‘समांगी मिश्रण’ लिहा.